पाटी जुनी, मालक नवा

अमेरिकेतल्या छोट्या गावांमधली कौटुंबिक फ्युनरल होम्स, म्हणजे अंत्यविधीची तयारी करणारी घरं, एकोणिसाव्या शतकात उभी राहिली, ती बहुधा सुताराच्या दुकानातून किंवा घोडागाड्यांच्या तबेल्यातून. यादवी युद्धात दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पाठवायचे म्हणून रसायनं भरून शव टिकवण्याची पद्धत रुजली. १८६५ मध्ये लिंकन यांचं शव रेल्वेने स्प्रिंगफिल्डला नेलं, तेव्हा वाटेतल्या शहरांनी ही पद्धत डोळ्यांनी पाहिली. पुढे मृताची शेवटची तयारी घरच्यांच्या हातून निघून या व्यावसायिकांकडे गेली. खाली दर्शनाची खोली आणि वर मालकाचं बिऱ्हाड, अशी कितीतरी घरं होती. १९६० च्या दशकापर्यंत अनेक गावांत रुग्णवाहिकाही यांचीच असे, कारण माणसाला आडवं नेता येईल एवढी लांब गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. गावाचा या घरांवर विश्वास बसला तो मालक गावातलाच, म्हणून.

या विश्वासाची किंमत सर्वांत अचूक ओळखली ती कंपन्यांनी. १९६२ मध्ये ह्यूस्टनला सुरू झालेली ‘सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल’ आणि कॅनडातली ‘लोवेन ग्रुप’ यांनी अशी शेकडो घरं विकत घेतली. पाटीवरचं कुटुंबाचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी तसंच ठेवलं. घराण्याच्या नावाला मोल नसतं, तर ते कुणी जपलं असतं? या विश्वासावर खरा आक्षेप लेखिका जेसिका मिटफर्ड यांच्या १९६३ मधल्या पुस्तकाने घेतला होता: दुःखात बुडालेल्या माणसाला महागडी शवपेटी गळ्यात मारण्यात घरगुती व्यावसायिकही मागे नव्हते. हे मान्यच करायला हवं. गावात एकच दुकान आणि घरात मृतदेह, अशा वेळी घासाघीस कोण करणार? म्हणूनच १९८४ पासून केंद्रीय नियमाने प्रत्येक सेवेचा दर वेगळा लेखी देणं सक्तीचं झालं, ते योग्यच झालं. पण ही तक्रार लपवाछपवीविरुद्ध होती. मालक गावातला असण्याविरुद्ध नव्हती. दरपत्रकाने आकडा कळतो. तक्रार कुणाच्या दारात न्यायची, हे त्यातून कळत नाही.

मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या, हाच धंदा करणाऱ्या ओ’कीफ कुटुंबाने लोवेनवर करारभंगाचा दावा लावला. १९९५ मध्ये जॅक्सनच्या ज्यूरीने ५० कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि पुढे तडजोड १७.५ कोटींवर झाली. ही रक्कम अवाच्या सवा होती असं अनेकांना वाटलं, आणि १९९९ मध्ये लोवेनने दिवाळखोरी जाहीर केली त्यामागे कर्ज काढून केलेली बेसुमार खरेदीही होतीच. तरी परक्या मालकाबद्दलचा राग त्या ज्यूरीने मोठ्याने बोलून दाखवला. आता निम्म्याहून अधिक अमेरिकी दहन निवडतात, शवपेट्यांचं उत्पन्न आटलंय, आणि वारस धंदा विकायला तयार होतात. त्यांना अडवता येणार नाही. पण विक्रीनंतर खऱ्या मालकाचं नाव दरपत्रकावर छापणं बंधनकारक हवं. केंद्रीय नियमात आज ती अट नाही.