बिनतारी पहाऱ्याची हजेरी

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत शहरी पुरवण्यांत एक बातमी हमखास असते. बंद फ्लॅटच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटून दागिने आणि रोकड लंपास. कुटुंब गावी गेलेलं असतं आणि शेजाऱ्यांना दार किलकिलं दिसेपर्यंत दोन-तीन दिवस उलटून गेलेले असतात. कुलूप तुटलं यापेक्षा ते तुटल्याचं कुणाला कळलं नाही, यानं जास्त नुकसान होतं. ही उणीव भरून काढण्यासाठी बिनतारी अलार्म संच आता सहज मिळतात. दारावर चिकटवायचे दोन तुकडे, खोलीच्या कोपऱ्यात लावायचा पांढरा सेन्सर, एक मुख्य यंत्र आणि एक भोंगा, एवढाच त्यांचा पसारा. भिंत फोडावी लागत नाही, त्यामुळे भाड्याच्या घरातही ते लावता येतात. दुकानदार रेंज किती मीटर आणि भोंगा किती मोठा ते सांगतो. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच प्रश्न: यंत्रणा गप्प असते तेव्हा ती सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे की बंद पडली म्हणून, हे घरमालकाला कसं कळणार?

हा प्रश्न विजेच्या घंटेइतकाच जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिलच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार उघडलं की सर्किट पूर्ण व्हायचं आणि विद्युतचुंबकाच्या जोरावर घंटा वाजायची. एडविन होम्स यांनी १८५७ मध्ये हे हक्क विकत घेतले आणि बोस्टन व न्यूयॉर्कमध्ये त्यावर मोठा व्यवसाय उभा केला. या रचनेत एक कच्चा दुवा होता. चोराने तार आधीच कापली तर घंटा कायमची मुकी. म्हणून पुढे उलटा विचार रूढ झाला. तारेतून सतत बारीकसा प्रवाह वाहता ठेवायचा आणि तो थांबला की घंटा वाजवायची. मग दार उघडो, तार तुटो की बॅटरी संपो, बातमी मिळतेच. बिनतारी यंत्रणेने ही तारच काढून टाकली आणि तिच्याबरोबर ही हमीही गेली. ती हमी रेडिओलहरींवर पुन्हा कशी मिळवली, ते पुढे येईल. आधी सेन्सर पाहू.

दारावरचा सेन्सर सगळ्यात साधा आणि सगळ्यात भरवशाचा. त्याच्या पोटात रीड स्विच असतो. बेल लॅबोरेटरीजच्या वॉल्टर एलवुड यांनी तो १९३६ मध्ये तयार केला. काचेच्या छोट्या बंद नळीत निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या, टोकांमध्ये केसाएवढी फट. जवळ चुंबक आला की पट्ट्या चुंबकित होऊन एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. नळी बंद असल्यामुळे धूळ आणि ओल आत जात नाही. चौकटीवर स्विच आणि दाराच्या फळीवर चुंबक बसवायचा. आपल्याकडे लोखंडी सेफ्टी डोअर असतं तिथे मात्र अडचण येते. लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं आणि स्विचपर्यंत पुरेसं पोहोचू देत नाही. दोन्ही तुकड्यांखाली प्लॅस्टिकची किंवा लाकडाची जाडसर पट्टी घातली की काम होतं. कोकणात लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आटतात, तेव्हा दार बंद असताना दोन्ही तुकड्यांतलं अंतर सेंटीमीटरभराच्या आत ठेवावं. आणि हेही ध्यानात असू द्यावं की या सेन्सरला फक्त दार उघडल्याचं समजतं. खिडकीची काच काढून कुणी आत शिरलं तर त्याला पत्ता लागत नाही.

तिथे खोलीतला पांढरा सेन्सर उपयोगी पडतो. त्याची गोष्ट फार सुंदर आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेहून युरोपात टूर्मलिन नावाचं रत्न नेलं. तापवलं की ते राखेचे कण ओढून घेई. तापमान बदललं की काही स्फटिकांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमा होतो, हा त्यामागचा गुणधर्म. आजच्या सेन्सरमध्ये याच गुणधर्माचा कृत्रिम पदार्थ असतो. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस, आणि इतक्या तापमानाची वस्तू सर्वात जास्त उत्सर्जन करते ते सुमारे साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांचं. डोळ्यांना न दिसणारा हा उजेड आपण प्रत्येकजण अंगावर घेऊन फिरत असतो. सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, फक्त हा उजेड टिपतो.

त्यासमोरचं दुधी झाकण पॉलिथिनचं असतं, दुधाच्या पिशवीच्याच जातीच्या प्लॅस्टिकचं. काच इथे चालत नाही, कारण या तरंगलांबीला ती अपारदर्शक असते. म्हणूनच खिडकीच्या काचेपलीकडून जाणारा माणूस या सेन्सरला दिसत नाही. झाकणावर कोरलेली वर्तुळं म्हणजे फ्रेनेल भिंगं. ऑगस्टिन फ्रेनेल यांनी ती दीपस्तंभांसाठी आखली आणि १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपस्तंभावर पहिल्यांदा वापरली. दीपस्तंभात ही भिंगं उजेड दूर फेकतात, सेन्सरमध्ये खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडून त्यांतली ऊब आत गोळा करतात. आत दोन भाग उलट्या दिशेने जोडलेले असतात. सगळी खोली एकदम तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना रद्द करतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की मात्र आधी एक आणि मग दुसरा भाग जागा होतो. त्यामुळे सेन्सर अशा कोपऱ्यात लावावा की येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस उशिरा पकडला जातो.

आपल्या हवेत याला एक मर्यादा पडते आणि पेटीवर ती क्वचितच लिहिलेली असते. सेन्सर बघतो तो माणूस आणि भिंत यांच्या तापमानातला फरक. मे महिन्यातल्या बंद खोलीत भिंती ३३-३४ अंशांवर आल्या की हा फरक जवळजवळ उरत नाही. नागपूरच्या दुपारी भिंती चाळिशीपार गेल्या तर माणूस उलट गार ठिपक्यासारखा दिसतो आणि पुन्हा सापडतो. म्हणजे खरी कसोटी मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या उकाड्यातल्या रात्री लागते. चांगल्या सेन्सरमध्ये तापमान पाहून संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, ती आहे का हे विचारून घ्यावं. काहींमध्ये जोडीला सूक्ष्मलहरींचं छोटं रडार असतं. चालत्या माणसावरून परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित बदलते. साडेदहा गिगाहर्ट्झच्या लहरीत सेकंदाला एक मीटर वेगासाठी हा बदल सुमारे ७० हर्ट्झ असतो. दोन्ही साक्षी जुळल्या तरच अलार्म. खोटे इशारे यामुळे पुष्कळ कमी होतात.

खोट्या इशाऱ्यांकडे कुणी हलक्याने पाहू नये. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोटे निघतात. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी तर खातरजमा न झालेल्या अलार्मला धावून जाणं २००० साली थांबवलं. आपल्या घरात खोटा इशारा देणारी मंडळी ठरलेली: भिंगावर बसलेली पाल, समोरच्या खिडकीतून येणारं ऊन, फ्रिजच्या मागची गरम हवा, देवघरातली समई. या सगळ्यांपासून सेन्सर दूर ठेवावा. आणि दिवाळीआधी रंगकाम काढलं तर सेन्सर उतरवून ठेवावा, कारण भिंगावर रंगाचा हात फिरला की तो आंधळा होतो.

आता रेडिओ. भारतात परवान्याशिवाय वापरायचे पट्टे ठरलेले आहेत, त्यांतले ४३३ मेगाहर्ट्झजवळचा, ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा आणि २.४ गिगाहर्ट्झचा हे इथे महत्त्वाचे. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला संच अनेकदा तिथल्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतो. तो इथे मोबाइलच्या लहरींच्या शेजाराला येतो, म्हणून लावू नये. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटीमीटर, २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा. लांब लहर भिंतीतून जास्त सहज जाते. पेटीवर लिहिलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते, आपल्या घरात सळयांनी भरलेले स्लॅब आणि लोखंडी कपाटं असतात. मुख्य यंत्र गोदरेजच्या कपाटावर ठेवणं म्हणजे त्याच्या लहरींना अर्धं घर बंद करणं.

सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि संदेश पाठवतो तो काही मिलिसेकंदांपुरता. सरासरी २० मायक्रोअँपिअर प्रवाह लागला तर १५०० मिलिअँपिअर-अवरची लिथियम बॅटरी कागदावर आठ वर्षांहून जास्त पुरते, प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षं धरावीत. या काटकसरीपायी स्वस्त संच एकेरी बोलतात. सेन्सर ओरडतो, पण ऐकलं गेलं का ते त्याला कळत नाही. त्याचा सांकेतिक क्रमांकही कायम एकच असतो. प्रचलित चिपमध्ये तो वीस बिटांचा, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास शक्यता. पण तो ओळखायची गरजच नसते, हवेतून एकदा टिपला की तसाच पुन्हा सोडता येतो. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतले संशोधक लोगन लॅम यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित बिनतारी संचांतही संदेश सांकेतिक केलेले नाहीत, ते दाबता येतात आणि खोटे घुसवताही येतात, हे दाखवून दिलं.

तारेतल्या त्या जुन्या प्रवाहाची जागा इथे हजेरी घेते. चांगल्या संचातला प्रत्येक सेन्सर ठरावीक वेळाने मुख्य यंत्राला ‘मी आहे, बॅटरी इतकी आहे’ असा सांकेतिक आणि दर वेळी बदलणारा संदेश पाठवतो आणि पोच मागतो. हजेरी चुकली की मुख्य यंत्र मालकाला कळवतं. लहरी कुणी मुद्दाम गोंगाट करून दाबल्या तर तो गोंगाटही ओळखतं. हजेरी मिनिटाच्या आत घेणारे संच आहेत आणि तासाने घेणारेही. काही घेतच नाहीत. दोन संचांच्या किमतीतला फरक पुष्कळदा इथेच असतो आणि माझ्या मते तो देण्याजोगा आहे.

हीच हजेरी मुख्य यंत्रानेही मालकाच्या फोनला दिली पाहिजे. वीज गेली की वायफाय राउटर बंद पडतो, मग पुण्यातल्या घराची बातमी सावंतवाडीला पोहोचणार कशी? यंत्रात स्वतःची बॅटरी आणि सिम कार्ड हवं, आणि त्या सिमचा रिचार्ज संपलेला नको. भोंग्यावर फार विसंबू नये. एका मीटरवर १०५ डेसिबल असलेला आवाज मोकळ्या जागेतही सोळा मीटरवर ८१ च्या आसपास येतो, आणि मधल्या बंद दारांनी तो आणखी बसतो. त्यामुळे एक भोंगा जिन्याच्या बाजूला हवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं की हा वाजला तर दार न उघडता फोन करा, आणि गरज पडली तर ११२ ला. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरात याच संचाचं गळ्यात घालायचं आणीबाणीचं बटण मला चोरापेक्षाही मोलाचं वाटतं. पडल्यावर फोनपर्यंत जाता येत नाही, बटण मात्र दाबता येतं.

संच लावून झाला की सगळ्या खोल्यांतून चालून पाहावं, प्रत्येक दार उघडून पाहावं. मग मेन स्विच बंद करून तेच पुन्हा करावं. शेवटी एका सेन्सरची बॅटरी काढून तो कपाटात ठेवून द्यावा आणि पेटीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहावी. तेवढ्या वेळात फोनवर निरोप आला नाही, तर परत घेण्याची मुदत संपायच्या आत तो संच दुकानात परत करावा.