काकी, ही तक्रार कोणाची?

फिशबॉल खाऊन फेकलेली काडी थेट पंतप्रधानांच्या भाषणात जाऊन पोहोचली, हे तुम्हाला ठाऊक आहे? २०१४ च्या नॅशनल डे रॅलीत ली सिएन लूंग यांनी बुकित गोम्बाकच्या एका पायवाटेवरच्या अशा काडीची गोष्ट सांगितली. ती उचलणारं कोणी नव्हतं असं नाही. पण उतारावरचं गवत एका संस्थेकडे, मधली वाट टाऊन कौन्सिलकडे, रस्त्यालगतचा भाग तिसरीकडे. त्यामुळे ती काडी कोणाच्या हद्दीत पडली, हेच आधी ठरवावं लागे.

त्याच वर्षी म्युनिसिपल सर्व्हिसेस ऑफिस सुरू झालं. २०१५ मध्ये वनसर्व्हिस अॅप आलं, २०२१ मध्ये व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवरचा चॅटबॉट, 'वनसर्व्हिस काकी'. (आपल्या डोळ्यांसमोर लगेच पोहे करणारी काकी येते. मलय भाषेत मात्र 'काकी' म्हणजे पाय, आणि इथल्या बोलीत सवंगडी.) तुम्ही मजकूर आणि ठिकाण पाठवलंत की तक्रार कोणाची ते ही काकी ताडते.

म्हणजे टोलवाटोलवी वाचली. पण तक्रार योग्य दारात पोहोचली तरी दारात रांग असतेच, आणि रांगेचं गणित फसवं असतं. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांगनं १९०९ मध्ये त्याचा पाया घातला.

समजा, तक्रारी हाताळायला एकच माणूस आहे आणि एका तक्रारीला सरासरी १० मिनिटं लागतात, कधी कमी, कधी बरीच जास्त. तक्रारी येतात त्याही आपल्या लहरीनं. तो निम्मा वेळ कामात असेल, तर तुमचा नंबर यायला सरासरी १० मिनिटं लागतात. ८० टक्के वेळ कामात असेल तर ४०. ९० टक्क्यांना दीड तास, आणि ९५ टक्क्यांना तीन तासांहून जास्त! व्यवस्थापकाला मोकळा बसलेला माणूस दिसला की पगार वाया गेल्यासारखं वाटतं. खरं तर त्या मोकळ्या वेळेमुळेच रांग आटोक्यात राहते.

दुसरा उपाय म्हणजे रांगा एकत्र करणं. ९० टक्के कामात असलेल्या अशा दोघांसमोर दोन रांगांऐवजी एकच लावली, तर दीड तासाची सरासरी ४३ मिनिटांच्या आसपास येते. एकही माणूस न वाढवता! अर्थात झाड छाटणारा लिफ्ट दुरुस्त करणार नाही, त्यामुळे हे सगळीकडे जमत नाही.

उरतो प्राधान्यक्रम. मोडून लोंबणारी फांदी आधी, जिन्यातला डाग नंतर, हे कोणालाही पटेल. पण माणसं तेवढीच असतील तर फांदीचं थांबणं कमी होतं आणि डागाचं वाढतं. झटपट होणारी कामं आधी उरकली तर सरासरी छान दिसते, किचकट काम मात्र मागेच सरकत राहतं. म्हणून कुठलाही प्लॅटफॉर्म सरासरी मिरवू लागला की मी विचारते, सर्वांत जास्त कोण थांबलं?

आणि रांगेत आलंच नाही ते कोण? तुमच्या मजल्यावरच्या, फक्त होक्कियन बोलणाऱ्या, टाइप न करणाऱ्या आजींच्या दारासमोरचा दिवा गेला असेल, तर कुठल्याच आकड्यात त्यांची वाट पाहणं मोजलं जात नाही. त्यांची तक्रार तुम्ही नोंदवलीत तरी चालतं. ब्लॉक नंबर आणि मजला तेवढा नीट लिहा.