सहेरी, इफ्तार आणि दम्याचा पंप

सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी अम्मी सहेरीला खजुरांशेजारी पंपही ठेवते. ‘‘धाप लागत नसताना पंप कशाला?’’ शेजारच्या काकूंनी विचारलं. दमा म्हणजे श्वासनलिकांना कायम राहणारी सूज. धाप थांबली तरी ती आत असते. रोजचा पंप तिला आटोक्यात ठेवतो. डॉक्टरांनी तो दोनदा सांगितला असेल, तर सहेरी-इफ्तारच्या वेळा जमतात. नंतर चूळ मात्र भरावी.

धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा. त्यासाठी मगरिबच्या अजानची वाट पाहायची नसते. कुराणातल्या सूरह अल-बकराची 185वी आयत आजाऱ्याला सुटलेले रोजे नंतर ठेवण्याची मुभा देते. मागच्या वर्षीचे दोन रोजे अम्मीने दिवाळीनंतर पूर्ण केले.