केकताडाची दारू? मेक्सिकोत चालते राव!

रिठद गावच्या शिवारात बांधावर केकताड दिसलं की गुरं लांबूनच वळतात, माणसंही. पानाच्या टोकाला असा काटा की विचारू नका! पुस्तकात याला घायपात म्हणतात, इंग्रजीत अगेव्ह. पण माहीत आहे का, याच खानदानाने मेक्सिकोत मेस्काल आणि टकीला नावाचा धुमाकूळ घातलाय?

पहिला धक्का : हे निवडुंग नाहीच! घराणं शतावरीचं. एक बहीण टॉनिकची, दुसरी 'टॉनिक'ची.

दुसरा : आयुष्यात एकदाच फुलतं. उंच दांडा, धमाकेदार एन्ट्री आणि मग कायमची एक्झिट! म्हणून मेस्कालवाले दांडा निघताच छाटतात. साखर गड्ड्यातच राहते ना.

आता खरी गंमत. आपण पानं घेतो : कुजवा, झोडपा, वाख काढा, पीळ द्या, की पोळ्याला बैलाचा नवा कासरा तयार. मेक्सिकोवाले पानं छाटून टाकतात आणि मधला गड्डा उचलतात. दिसायला भलंमोठं अननस, वजन कित्येक किलो. जमिनीत खड्डा, तळाशी लाकडं, वर तापलेले दगड, त्यावर गड्डे आणि सगळ्यावर माती. काही दिवस मंद भाजणं! मग घोड्याने फिरवलेल्या दगडी चाकाखाली चिरडायचं, आंबवायचं, भट्टी लावायची. मेस्कालचा धुरकट स्वाद या खड्ड्यातूनच येतो, बरं का.

टकीला आणि मेस्काल एकच? छे! टकीलाला जात चालते ती फक्त निळ्या अगेव्हची. मेस्कालला डझनावारी जाती चालतात. मूळस्थानाची सरकारी ओळखपत्रंही वेगळी : टकीलाचं १९७४चं, मेस्कालचं १९९४चं.

बाटलीतली अळी? विसाव्या शतकातलं मार्केटिंग, दुसरं काय! त्यापेक्षा 'पेचुगा' ऐका. या मेस्कालच्या भट्टीत चक्क कच्ची कोंबडी टांगतात. चिकन-फ्लेवर, थेंबाथेंबाने!

देवसुद्धा झिंगलेले. मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या कथेत अगेव्हची देवी मायावेल आणि नशेचे देव म्हणजे चारशे ससे! आपल्याकडचे ससे बिचारे हरभरा खाऊनच खूश.

रात्रपाळीचा स्टाफ कोण, सांगा पाहू? वटवाघळं! लांब नाकाची वटवाघळं अगेव्हचं परागीभवन करतात. एक जात इतकी सावरली की २०१८मध्ये अमेरिकेने तिला धोक्याच्या यादीतून काढलं. चिअर्स!

टकीलापासून हिरे? होय! मेक्सिकोच्या शास्त्रज्ञांनी टकीलाच्या वाफेतून हिऱ्याचा पातळ थर बनवला आणि २००९चं इग्-नोबेल पटकावलं. घरी या हिऱ्यांचा सेट मागितला, तर आमचं नाव सांगू नका.

आपल्याकडे काय? दख्खनच्या पठारावरच्या अगेव्हपासून 'डेस्मंडजी' ब्रँडने दारू बनवली, २०११मध्ये गोव्यात बाजारात आणली. टकीला मात्र म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोचंच. अगदी तसंच २००९पासून फेणी हे नाव गोव्याचं.

आणि हो, बांधावरचं केकताड तोडायला निघालात का? रस अंगाला लागला की अशी खाज सुटते की नशा विसराल. त्यातूनही भट्टी पेटलीच, तर उत्पादन शुल्कवाले पाहुणे म्हणून येतील, पोळ्याआधीच!