भंगारात गेलेलं जठर

गेल्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने जुनी कपाटं रिकामी केली. आम्ही तिथे केलेल्या सरड्याच्या अन्ननलिकेच्या, जठराच्या, आतड्याच्या स्लाइड पॅराफिनच्या ब्लॉकांसकट भंगारात गेल्या. कारण काय, तर जागा हवी होती.

नव्वदीनंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोमवर तेव्हाच धूळ बसू लागली होती. खरं काम झालं ते ऐंशीच्या दशकात. बुआँच्या द्रावणातल्या पिक्रिक आम्लाने बोटं पिवळी व्हायची, अंगाला झायलीनचा वास राहायचा. एप्रिलमध्ये पॅराफिन मऊ पडे, मग ब्लॉकवर बर्फ धरायचा तेव्हा कुठे कापांची रिबन नीट निघे. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडत, आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग चढवल्यावर अन्नमार्गाच्या भिंतीचे चारही थर उठून दिसत. जठराच्या ग्रंथींपाशी मी हटकून थांबायचो. आपल्या जठरात आम्ल एक पेशी स्रवते आणि पेप्सिनोजेन दुसरी. सरड्याच्या जठरात ही दोन्ही कामं एकच पेशी करते. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतः कापलेल्या सेक्शनमध्ये पाहणं वेगळं.

‘सरड्याच्या पोटाचा उपयोग काय?’ असं विचारून आमचा निधी अडवणारे तेव्हा बरेच होते. त्यांना उत्तर मिळालं एड्रियाटिक समुद्रातून. 1971 साली पॉड कोपिश्ते बेटावरच्या सरड्यांच्या पाच जोड्या शेजारच्या पॉड म्र्चारू बेटावर सोडल्या होत्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे वंशज बऱ्याच प्रमाणात वनस्पती खाताना आढळले, आणि त्यांच्या आतड्यात अन्न रोखून धरणाऱ्या झडपा दिसल्या. मूळ बेटावरच्या सरड्यांत त्या नव्हत्या. मूळ बेटावरचं शरीर तुलनेला होतं, म्हणूनच हा बदल कळला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवण्याचा निर्णय घेतला, तो मला मान्य आहे. वर्गासाठी प्राणी मारायला नकोतच. पण मग जे आधीच मारले गेले, त्यांच्या स्लाइड फेकायच्या कशा? नवा सरडा न मारता जठर दाखवण्याचं तेच साधन हाताशी होतं.

तुमच्या विभागात अशा पेट्या असतील तर त्यांवरची लेबलं पुसली जाण्याआधी वहीत उतरवा, चांगल्या सेक्शनचे फोटो काढा आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या विद्यापीठाला विचारा.