खाजेची गोळी आणि मळणीचं मशीन



सोयाबीनची मळणी लागली की भुसा उडतो, शिंका सुरू होतात, मान खाजून लाल होते. गाजरगवत उपटणाऱ्यांचंही तेच. मग कोणी दुकानातून अ‍ॅव्हिलची गोळी आणतो आणि चहाबरोबर घेऊन टाकतो. गोळी वाईट नाही, पण ती काय करते ते जाणून घ्यावं.

या औषधाचं नाव फेनिरामाईन मॅलिएट. धूळ, परागकण किंवा गांधीलमाशीचा डंख अंगाला सोसला नाही की शरीरात हिस्टामिन सुटतं. त्यानेच खाज सुटते, अंगावर पित्त उठतं, नाक गळतं. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ही गोळी हिस्टामिनची जागा अडवते. खाज थांबते.

पण हे जुन्या पिढीचं औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि गुंगी आणतं. मागच्या हंगामात एका खळ्यावर पाहिलं. मशीनला काड लावणारा गडी उभ्या उभ्या पेंगत होता, हात मात्र पुढेच जात होता. शेजारच्याने खांदा धरून मागे ओढला म्हणून हात वाचला. विचारलं तर म्हणाला, "साहेब, खाजेची गोळीच तर घेतली!" संध्याकाळी थोडी दारूही झाली होती. दारूने ही गुंगी फार वाढते.

म्हणून ही गोळी घेतल्यावर मशीन, ट्रॅक्टर, मोटारसायकल बंद. डॉक्टरांना "मला मशीनवर काम आहे" असं स्पष्ट सांगा. लोराटाडिनसारखी कमी गुंगीची गोळी देता येते. मी शेतीचा माणूस, मात्रा तेच ठरवतील. काचबिंदू असेल, किंवा म्हातारपणी लघवी अडत असेल, तर तेही आधी सांगावं. लहान मुलांना मनाने देऊ नये.

मधमाशा डसून घसा आवळला, धाप लागली, चक्कर आली तर गोळीवर थांबू नका. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. तडक दवाखाना गाठा. फवारणीनंतर लाळ-नाक गळू लागलं, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती सर्दी नव्हे, विषबाधा आहे. कीटकनाशकाचा डबा सोबत घेऊनच निघा.

आणि गोठ्यात जनावरांसाठी आणलेली याच नावाची इंजेक्शनची बाटली असते, ती माणसाला टोचू नका.