बेने इस्राएल समाजाचे इस्रायलमधील पुनर्वसन : आधार आणि मान्यता यांचा एक अभ्यास

प्रस्तावना

स्थलांतर ही मानवी इतिहासातील एक अखंड प्रक्रिया आहे. नव्या देशात पाऊल ठेवणाऱ्या माणसास निवारा, रोजगार व तेथील भाषा या तीन गोष्टींची तातडीने गरज भासते. स्थलांतरितांविषयीचे शासकीय धोरण बहुधा याच तीन गोष्टींचा विचार करते. तथापि, या गरजा भागल्यानंतरही ‘आपण येथील आहोत काय ?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. तो सुटल्याखेरीज पुनर्वसन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

या दृष्टीने मराठी भाषक बेने इस्राएल समाजाचे उदाहरण विशेष अभ्यसनीय ठरते. सामान्यतः स्थलांतरित हा परक्या देशात जातो व परकेपणाची मानसिक तयारी करूनच जातो. बेने इस्राएल मात्र आपल्या पूर्वजांची भूमी म्हणून इस्रायलमध्ये गेले. आपण घरी परतत आहोत अशी त्यांची भावना होती. त्यामुळे तेथे वाट्यास आलेला परकेपणा त्यांना अधिक जिव्हारी लागला.

उद्दिष्टे

१. बेने इस्राएल समाजाच्या स्थलांतराची पार्श्वभूमी व कारणे पाहणे.
२. इस्रायलमधील प्रारंभिक अडचणी व त्या काळी उपलब्ध असलेली आधारव्यवस्था यांचा परामर्श घेणे.
३. या समाजाने स्वतः उभ्या केलेल्या आधाराचे स्वरूप स्पष्ट करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेने इस्राएल याचा अर्थ ‘इस्राएलची लेकरे’ असा होतो. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकण किनाऱ्यावर फुटले व वाचलेल्या सात जोडप्यांनी अलिबागजवळील नवगाव येथे वस्ती केली. पुढे आजच्या रायगड जिल्ह्यातील अनेक गावांत हा समाज पसरला. पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे या गावांचीच साक्ष देतात. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. त्यामुळे शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावच्या व्यवस्थेत त्यांचे स्थान वेगळे होते, पण धर्मावरून त्यांचा छळ झाला नाही.

अठराव्या शतकापासून समाजातील अनेक कुटुंबे मुंबईत येऊ लागली. १७९६ मध्ये सामुएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. कोकणातील बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळास ‘मशीद’ म्हणत. ब्रिटिश काळात हा समाज सैन्य, रेल्वे, टपाल, रुग्णालये व शासकीय कचेऱ्या यांत स्थिरावला. हाइम सामुएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू झाली. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू आणि कचेरीत इंग्रजी असे त्यांचे भाषिक जीवन होते.

स्थलांतराची कारणे

१४ मे १९४८ रोजी इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातील प्रत्येक ज्यू व्यक्तीस तेथे स्थायिक होण्याचा अधिकार दिला. त्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे २० हजार होती.

युरोपातील वा अरब देशांतील ज्यूंप्रमाणे त्यांना कोणी हाकलून दिले नव्हते. भारतात ज्यूद्वेषाची परंपरा नव्हती. म्हणूनच या स्थलांतरामागे भीतीपेक्षा ओढ अधिक होती. धार्मिक श्रद्धा हे पहिले कारण होय. ब्रिटिश सत्ता संपल्यानंतर शासकीय नोकऱ्यांविषयी वाटणारी अनिश्चितता हे दुसरे कारण होते. एक भाऊ गेला की मागोमाग दुसरा भाऊ, मग आईवडील, मग सासरची मंडळी अशी नात्यांची साखळी हे तिसरे कारण होते. मागे सोडलेले घर धोक्यात नव्हते, ही बाब पुढील घटना समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. परतण्याचा विचार करणे बेने इस्राएलांना शक्य होते. इतर अनेक ज्यू निर्वासितांना ते शक्य नव्हते.

प्रारंभिक काळ : शासकीय आधाराचे स्वरूप

१९४८ ते १९५१ या काळात स्थलांतरितांच्या लोंढ्यामुळे इस्रायलची ज्यू लोकसंख्या दुपटीने वाढली. घरे अपुरी होती व अन्नधान्याचे रेशनिंग सुरू होते. १९५० पासून तंबू व पत्र्याच्या खोपटांच्या ‘माबारा’ नावाच्या तात्पुरत्या वसाहती उभारण्यात आल्या. पुढे नव्याने वसविलेल्या नगरांत स्थलांतरितांना पाठविण्यात येऊ लागले. बेने इस्राएल कुटुंबे बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले, किर्यात गात अशा ठिकाणी वसली.

शासकीय आधाराचे प्रमुख भाग तीन होते. पहिला भाग घराचा, दुसरा कामाचा आणि तिसरा भाषेचा. भाषेसाठी ‘उल्पान’ म्हणजे प्रौढांचे सघन हिब्रू वर्ग चालत. अशा प्रकारचा पहिला वर्ग १९४९ मध्ये जेरुसलेम येथे सुरू झाला. एकाच वर्गात अनेक देशांतून आलेली माणसे बसत व शिक्षक पहिल्या दिवसापासून हिब्रूतच बोलत.

ही व्यवस्था उपयुक्त होती, परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले होते. नवागताने आपली जुनी भाषा व चालीरीती लवकरात लवकर सोडाव्यात आणि एकसारखा इस्रायली नागरिक व्हावे, हे ते गृहीतक होय. मुंबईत कारकुनी करणाऱ्या व इंग्रजीत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या गृहस्थास वाळवंटी भागात बांधकामाचे वा रस्त्याचे काम मिळे. उत्पन्नातील घट सोसता येण्याजोगी होती. प्रतिष्ठेतील घट सोसणे कठीण गेले. मुले शाळेत हिब्रू झटपट शिकत. त्यामुळे कचेरीत वडिलांचे म्हणणे मुलाने समजावून सांगावे, अशी वेळ अनेक स्थलांतरित कुटुंबांवर येई. घरातील वडीलधाऱ्यांच्या मानास त्यामुळे धक्का बसे.

पहिला संघर्ष : १९५१-५२

या असंतोषाचा उद्रेक १९५१ मध्ये झाला. बीरशेबा परिसरातील काही बेने इस्राएल कुटुंबांनी तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कार्यालयापुढे धरणे धरले. काम, घर व वागणूक यांत वर्णावरून भेदभाव होतो, अशी त्यांची तक्रार होती. ‘आम्हास भारतात परत पाठवा’ ही त्यांची मागणी होती. धरणे आणि उपोषण ही साधने त्यांनी भारतातून सोबत नेली होती, असे म्हणता येईल. अखेर १९५२ मध्ये काही कुटुंबांना विमानाने मुंबईस परत पाठविण्यात आले.

यापुढील भाग अधिक बोलका आहे. परतलेल्यांपैकी बहुतेकांनी पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली व कालांतराने ते तेथे गेलेही. वरवर पाहता हा चंचलपणा वाटेल. वस्तुतः त्यांचा आक्षेप देशावर नव्हता, तर देशाने दिलेल्या वागणुकीवर होता.

कोचीनच्या ज्यूंशी तुलना

याच काळात केरळमधील कोचीनचे ज्यूही इस्रायलला गेले. त्यांतील बऱ्याच जणांना मोशाव म्हणजे सहकारी शेतीच्या गावांत एकत्र वसविण्यात आले. दक्षिणेतील नेवातिम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शेतीचे काम त्यांना नवे होते व जमीनही रुक्ष होती. परंतु शेजारी ओळखीचे होते, प्रार्थनेची चाल तीच होती व अडीअडचणीस धावून येणारी माणसे हाकेच्या अंतरावर होती.

बेने इस्राएल कुटुंबे मात्र निरनिराळ्या काळी स्वतंत्रपणे गेली आणि अनेक नगरांत विखुरली. दोन्ही समाजांना शासनाकडून घर व काम मिळाले. परंतु एका समाजास शेजार आयता लाभला, तर दुसऱ्यास तो हळूहळू उभा करावा लागला.

मान्यतेचा प्रश्न : १९६२-६४

इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट १९५३ च्या कायद्यानुसार धर्मन्यायालयांच्या अखत्यारीत आहेत. देशात नागरी विवाहाची सोय नाही. त्यामुळे एखाद्या समाजाच्या धार्मिक वैधतेविषयी शंका घेतली गेली, तर त्या समाजातील मुलामुलींची लग्नेच अडतात.

बेने इस्राएलांच्या बाबतीत नेमके हेच घडले. शेकडो वर्षे ते इतर ज्यू समाजांपासून दूर राहिल्याने त्यांचे घटस्फोट व विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील काय, अशी शंका काही रब्बींनी उपस्थित केली. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बिनेटने त्यांच्याशी विवाहास तत्त्वतः मान्यता दिली. मात्र फेब्रुवारी १९६२ च्या सूचनांनुसार बेने इस्राएल व्यक्ती इतर ज्यू व्यक्तीशी विवाह करीत असल्यास तिच्या आईच्या बाजूच्या पिढ्यांची शक्य तितकी मागेपर्यंत चौकशी करणे विवाह नोंदणी करणाऱ्या रब्बींवर बंधनकारक झाले.

कोकणातील एखाद्या खेड्यात राहिलेल्या पणजीच्या विवाहाचा पुरावा दिमोनात बसून कोठून आणावयाचा ? आणि हा पुरावा एकाच समाजाकडे नाव घेऊन का मागावयाचा ? समाजाचा रोष या दुसऱ्या प्रश्नातून प्रकटला. दोन वर्षे सभा, निवेदने व निदर्शने झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेम येथे कुटुंबांनी ठिय्या दिला. लेवी एश्कोल तेव्हा पंतप्रधान होते. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेट या संसदेत बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याची भूमिका मांडली गेली. त्यानंतर रब्बिनेटने सूचनांतील ‘बेने इस्राएल’ हा विशिष्ट उल्लेख काढून टाकला.

वंशाविषयी शंका असल्यास चौकशी करण्याचा सर्वसाधारण नियम मात्र कायम राहिला. तरीही नावानिशी लागलेला डाग पुसला गेला, हे यश लहान नव्हते. विखुरलेली कुटुंबे या लढ्यामुळे प्रथमच देशपातळीवर एकत्र आली.

समाजाने उभी केलेली आधारव्यवस्था

नात्याची माणसे शक्यतो एकाच नगरात, एकाच वस्तीत घरे घेऊ लागली. आधी स्थिरावलेले कुटुंब नव्याने आलेल्यांना काम, दवाखाना, शाळा यांची माहिती देई. या समाजाची स्वतंत्र प्रार्थनास्थळे उभी राहिली व तेथे ओळखीच्या चालीत प्रार्थना होऊ लागली.

मलिदा हा या समाजाचा खास विधी होय. एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या स्मरणार्थ भिजविलेले पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचे तबक मांडून तो केला जातो. नवस फेडताना, लग्नकार्यात वा नव्या घरात प्रवेश करताना मलिदा होतो. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहूंचे दर्शन घडले, अशी समाजाची श्रद्धा आहे. इस्रायलमध्ये हायफा येथील एलियाहूंच्या गुहेस ते जाऊ लागले. अशा रीतीने कोकणातील श्रद्धास्थानास नव्या देशात जोडस्थान लाभले. लग्नापूर्वीचा मेंदीचा समारंभही टिकून राहिला. इस्रायलमधील क्रिकेटचा खेळही मोठ्या प्रमाणात भारतीय वंशाच्या खेळाडूंनीच जोपासला.

भाषेच्या बाबतीत ‘मायबोली’ या इस्रायलमधून निघालेल्या मराठी नियतकालिकाचा उल्लेख आवश्यक ठरतो. ज्या ज्येष्ठांना हिब्रू वृत्तपत्र वाचणे कठीण जाई, त्यांना ते स्वभाषेतील व्यासपीठ लाभले. १९९२ मध्ये भारत व इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि जाणे-येणे सुलभ झाले. १९९६ मध्ये इस्रायलमध्ये जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशनही भरले. ज्या भाषेस प्रारंभी मागासपणाचे लक्षण समजले गेले, तीच भाषा आता दोन देशांतील दुवा म्हणून मानाने मिरविली जाऊ लागली.

अर्थात, हे चित्र एकांगी मानू नये. इस्रायलमध्ये जन्मलेल्या पिढ्यांची पहिली भाषा हिब्रूच आहे. अनेक घरांत नातवंडांना मराठी समजते पण बोलता येत नाही. काही घरांत समजतही नाही. समाज स्थिरावला, त्याचे हे मोल होय.

निष्कर्ष

१. शासकीय आधार पुनर्वसनाचा पाया घालतो. घर, काम व भाषावर्ग यांशिवाय बेने इस्राएल टिकले नसते.

२. आधार व मान्यता या भिन्न गोष्टी आहेत. १९५१ व १९६२ नंतरचे दोन्ही लढे समान वागणुकीसाठी होते; केवळ अधिक मदतीसाठी नव्हते.

३. स्वभाषा, विधी व शेजार हे नव्या देशाशी एकरूप होण्यातील अडथळे ठरत नाहीत. मलिद्याचे तबक मांडणारी माणसेच हिब्रू शिकली, कारखान्यांत राबली, सैन्यात गेली व संसदेपुढे न्याय मागू शकली. पाठीशी आपली माणसे असल्यामुळेच त्यांना ते शक्य झाले.

४. स्थलांतरितांस एकत्र वसविणे वा त्यांना परस्परांजवळ येऊ देणे हाही आधारव्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे. कोचीनच्या ज्यूंची तुलना हेच सुचविते.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या सुमारे ८० हजार सांगितली जाते व त्यांत बेने इस्राएल बहुसंख्य आहेत. भारतात मात्र काही हजार ज्यूच उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. निघून गेलेल्यांस मान्यता मिळविण्यासाठी झगडावे लागले आणि मागे राहिलेल्यांची नोंद ते अत्यल्प झाल्यावर झाली. स्थलांतराचा विचार करताना या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या पाहिजेत.